डॉक्टर 'हो' म्हणाले, पुढे काय झाले? : एका अभ्यासाचे परीक्षण

विद्यार्थी मित्रांनो, आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. आमच्या जबलपुरात 'नर्सिंग होम' म्हणजे छोटे खासगी रुग्णालय. परदेशी लेखांतले नर्सिंग होम किंवा केअर होम म्हणजे वृद्ध जिथे कायमचे राहतात आणि त्यांची शुश्रूषा होते ती जागा. आपल्याकडे जवळचा शब्द वृद्धाश्रम.

झेर्मान्स्की आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2006 मध्ये 'एज अँड एजिंग' या नियतकालिकात आला. इंग्लंडमधल्या 65 केअर होममधील 661 वृद्धांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले. एका गटाची औषधे फार्मासिस्टने तपासली आणि डॉक्टरांना शिफारशी पाठवल्या. 747 पैकी 565 शिफारशी, म्हणजे 75.6 टक्के, डॉक्टरांनी मान्य केल्या. परीक्षेत हाच आकडा लिहायचा मोह होईल. थांबा. मान्य झालेल्यांपैकी अमलात आल्या 433. 747 पासून मोजले तर 58 टक्के! नाकारलेल्या किंवा अनुत्तरित शिफारशींमागे वैद्यकीय कारण असू शकते. मला खटकतात त्या मधल्या 132: डॉक्टर 'हो' म्हणाले, पण बदल झालाच नाही. का, हे लेखाचा सारांश सांगत नाही.

प्रमुख निष्कर्षही जपून वाचा. दरडोई औषधबदल तपासणीच्या गटात 3.1, तर नेहमीच्या सेवेत 2.4, म्हणजे फरक 0.7 चा. पडण्याचे प्रमाण मात्र 1.3 वरून नव्हे, 1.3 च्या तुलनेत 0.8 होते, आणि म्हाताऱ्या माणसाला पडणे किती महागात जाते हे घरोघरी ठाऊक आहे. मृत्यू आणि रुग्णालयातील भरती यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

आता हे जबलपुरात आणून पाहा. तिथे प्रत्येक वृद्धाची नोंद एका ठरावीक डॉक्टरकडे असते. इथे रक्तदाबाची चिठ्ठी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीतली, झोपेची गोळी दुसऱ्याच दवाखान्यातली. शिफारस पाठवायची कोणाला? भारताच्या 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार फार्मासिस्टने चिठ्ठी तपासावी, दोष दिसल्यास डॉक्टरांशी बोलावे. डॉक्टरांनी उत्तर द्यावे असे बंधन त्यात नाही. अमेरिकेत नर्सिंग होममधील डॉक्टरांना दोष पाहिल्याची आणि काय केले याची नोंद रुग्णाच्या कागदांत करावीच लागते. बदल केला नाही तर कारणासह. आपल्या 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम 19 जिल्ह्यागणिक किमान 150 निराधारांच्या वृद्धाश्रमाचे बोलते, औषध-तपासणीचे नाही.

इंटर्नशिपच्या वहीत तुम्ही 'शिफारस' आणि 'मान्य' असे दोन रकाने आखाल. तिसरा आखा: गोळी खरोखर कोणत्या तारखेला बदलली.