प्लास्टिकच्या सांगाड्याचा खरेपणा

दरवर्षी ३१ ऑक्टोबरला अमेरिकेत हॅलोविनचा सण साजरा होतो. मुले भुताखेतांची सोंगे घेऊन शेजारीपाजारी खाऊ मागत फिरतात आणि घरांपुढे खोट्या कबरी, वटवाघळे आणि सांगाडे मांडले जातात. हे सांगाडे बहुधा स्वस्त प्लास्टिकचे असतात. पांढरेशुभ्र आणि चकचकीत असल्यामुळे ते पाहून भीतीपेक्षा हसूच येते. काही हौशी मंडळी मात्र अशा सांगाड्याला वाळलेल्या प्रेताचे रूप देतात. या कारागिरीला तिकडे ‘कॉर्पसिंग’ म्हणतात. एखाद्या नाटकाचे परीक्षण करावे तसे तिचे परीक्षण केले, तर जीवशास्त्राच्या शिक्षकाला तिच्या गुणांतून आणि दोषांतूनही बरेच काही मिळते.

कृती साधी आहे. भिंती रंगवताना सामानावर झाकतात तसला पॉलिथिलीनचा अतिशय पातळ कागद सांगाड्याभोवती गुंडाळायचा आणि त्यावर हीट गनमधून गरम हवेचा झोत सोडायचा. कागद आक्रसतो, हाडांना घट्ट बसतो आणि जागोजागी फाटतो. मग लाकडाला देतात तो तपकिरी स्टेन फासून वरवर पुसून घ्यायचा.

परिणाम चकित करणारा असतो, आणि त्यामागे विज्ञान आहे. हा कागद तयार करताना ताणलेला असतो. पॉलिथिलीनच्या लांबलचक रेणुसाखळ्या त्या ताणलेल्या अवस्थेतच थिजतात. उष्णता मिळताच त्या मोकळ्या होऊन पुन्हा वेटोळ्या होतात आणि कागद आखडतो. मृताची त्वचा आखडते ती वेगळ्या कारणाने: कोलॅजेनच्या तंतूंमधले पाणी निघून जाते म्हणून. कारणे भिन्न असली तरी दोन्हीकडे एक पातळ पडदा कठीण आधारांवर ताणला जातो. म्हणून बरगड्यांमधले खळगे आणि सांध्यांभोवतीच्या चुण्या सारख्याच दिसतात. रंगाचेही तसेच. पॉलिथिलीनला रंग सहसा धरत नाही. पुसल्यावर तो चुण्यांच्या तळाशीच उरतो, जिथे खऱ्या वस्तूवरही वर्षानुवर्षांचा मळ साचतो.

या कलाकृतीचा सर्वांत मोठा गुण मात्र कारागिराच्याही ध्यानात नसेल. खुर्चीत बसलेला स्वच्छ हाडांचा सांगाडा ही मुळात अशक्य गोष्ट आहे. हाडांना एकत्र धरतात ते अस्थिबंध, स्नायू आणि कूर्चा. ते कुजले की हाडांचा ढीग उरतो. शाळेतला सांगाडा उभा असतो तो तारा, स्क्रू आणि लोखंडी दांडा यांच्या जिवावर. वाळलेली कातडी चढवली की सांगाडा एकसंध राहण्याला प्रथमच काही शारीरिक कारण मिळते. या बाबतीत हे सोंग आपल्या वर्गातल्या प्रतिकृतीपेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

आता दोष. पहिला दोष कानांचा. शरीर वाळून टिकते तेव्हा कानाची पाळी आणि नाकाचा शेंडा हे भाग पुष्कळदा सुरकुतलेल्या रूपात शिल्लक राहतात, कारण पातळ भाग लवकर वाळतात. प्लास्टिकच्या कवटीला कूर्चा नसते. त्यामुळे गालांवर कातडी आहे पण कान नाहीत आणि नाकाच्या जागी नुसते भोक, अशी विसंगती निर्माण होते. दुसरा दोष पोटाचा. कारागीर कागद सर्वत्र सारखाच गुंडाळतात. वास्तविक आतड्यांतल्या जिवाणूंमुळे कुजण्याची क्रिया बहुधा पोटापासून सुरू होते, तर बोटे लवकर वाळतात. म्हणजे पोट फाटलेले आणि बोटांवर कातडी शाबूत, असे चित्र अधिक खरे ठरेल. सांगाडा निवडतानाच फसगत झालेली असेल तर विचारायलाच नको. याच बाजारात कानांना हाडे असलेले कुत्र्यांचे सांगाडे मिळतात. इतकेच काय, हाडांचे कोळीही मिळतात. कोळ्याला अंतर्गत सांगाडा नसतोच!

सणाच्या गमतीत एवढा काथ्याकूट कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर १९७६ सालच्या एका घटनेत आहे. कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे जत्रेतल्या भुताच्या घरात चित्रीकरणाची तयारी चालू असताना टांगलेल्या एका पुतळ्याचा हात तुटला आणि आत खरे हाड दिसले. तो पुतळा नव्हता. १९११ साली ओक्लाहोमात गोळी लागून मेलेल्या एल्मर मकर्डी या दरोडेखोराचे ते आर्सेनिक भरून टिकवलेले शव होते. अनेक वर्षे खेळवाल्यांच्या हातांतून फिरत फिरत अखेर ते रंग फासलेले सोंग ठरले होते. १९७७ साली त्याचे दफन झाले. पृष्ठभागाने सर्वांना फसवले. सत्य सांगितले ते आतल्या रचनेने. एका माणसाला माणूस म्हणून मूठमाती मिळाली, ती कोणीतरी त्या हाडाकडे नीट पाहिले म्हणून.

हा प्रयोग शाळेत करायचाच असेल तर एक इशारा. पॉलिथिलीन शंभर अंश सेल्सिअसच्या थोडे वर गेले की मऊ पडते, पण हीट गनची हवा कित्येक शे अंशांची असू शकते. प्लास्टिक जळू लागले तर विषारी धूर होतो, आणि ते पीव्हीसी असेल तर हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. म्हणून हे काम मोकळ्या हवेत आणि मोठ्यांच्याच हातून व्हावे.

त्याहून सोपे म्हणजे काहीही न वितळवता वर्गातल्या सांगाड्यासमोर विद्यार्थ्यांना उभे करावे आणि दोनच प्रश्न विचारावेत: याला कशाने उभे धरले आहे? आणि याचे कान कुठे गेले? हाडांची २०६ ही संख्या पाठ असलेली मुलेही येथे विचारात पडतील. शरीररचनेचा खरा पाठ तेथून सुरू होतो.