बखरी पुष्कळ, दफ्तर थोडं

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने जानेवारी २०२५ मध्ये आपलं डिजिटल ग्रंथालय खुलं केलं. बंद पडलेल्या गेम-मासिकांचे १,५०० हून जास्त अंक, आतला शब्द न् शब्द शोधता येणारे, तेही फुकट. कौतुक झालं ते यांचंच. मला मात्र ही मासिकं बखरींसारखी वाटतात. उपयोगी खरी, पण जपून वापरायची. ज्या कंपनीच्या गेमचं परीक्षण छापायचं, तिच्याच जाहिराती शेजारच्या पानावर, मग काय!

अस्सल दफ्तर आहे ते वेगळंच. कोनामी, अक्लेम अशा कंपन्यांत निर्माता असलेल्या मार्क फ्लिटमन यांचे कामाचे कागद, आणि 'मिस्ट', 'रिव्हन' घडत असतानाचं शंभराहून जास्त तासांचं चित्रण. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापली ती असल्याच कागदांसाठी.

खटकतं ते हे की खुद्द गेम इथे मिळत नाहीत. दोष ग्रंथालयाचा नाही. संशोधकांना दूरून गेम वापरू देण्याची सूट अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये नाकारली. विकत घ्यावे म्हटलं, तर २०१० पूर्वीचे ८७ टक्के जुने गेम तिथल्या बाजारातच नाहीत, असं याच संस्थेची २०२३ ची पाहणी सांगते. म्हणजे फ्लिटमन यांचे कागद घरबसल्या वाचायचे, आणि ते ज्या गेमबद्दल आहेत तो बहुधा कुलपात.