१२३२१ : नवल संख्येचे की लिखाणाचे?

गणिताच्या गमतीजमतींच्या पुस्तकांत एक मनोरा हमखास आढळतो : ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना ‘डेमलो’ हे नाव दिले. मनोरा नऊ एकांपर्यंत चढतो आणि तिथेच पुस्तक थांबते. आमची तक्रार नेमकी या थांबण्याबद्दल आहे.

दहा एकांचा वर्ग करून पाहावा. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येते, मनोरा ढासळतो. कारण साधे आहे. १११ ला १११ ने गुणताना मधल्या घरात तीन एकांची बेरीज होते. दहा एक असले की ती बेरीज दहा होते आणि हातचा येतो.

आता पाया बदलू. पंचमान पद्धतीत, म्हणजे ० ते ४ एवढेच अंक वापरून, १११ म्हणजे २५ + ५ + १ = ३१. ३१ चा वर्ग ९६१. तो पंचमानात लिहिला तर पुन्हा १२३२१ च! मात्र इथे मनोरा चार एकांपर्यंतच टिकतो. त्रिमानात १११ म्हणजे १३. त्याचा वर्ग १६९, म्हणजे त्रिमानात २००२१. तीन एकांनाच पडझड! तेव्हा नऊ ही मर्यादा आपल्या दहा अंकांची. ‘हातचा येत नाही तोवर मनोरा टिकतो’ हा नियम मात्र सर्व पायांचा.

अंकांच्या अशा गमतींत गणितज्ञाने रमावे असे काही नाही, असा शेरा केम्ब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांनी १९४० साली मारला होता. नुसता मनोरा छापणाऱ्या पुस्तकांपुरता तो आम्हांला मान्य आहे. पण याच एकांच्या संख्या द्विमानात लिहिल्या आहेत असे मानले, की १, ३, ७, १५, ३१ ही क्रमिका मिळते. तिच्यातल्या मूळ संख्या अनंत आहेत का, हे आजही कोणाला सिद्ध करता आलेले नाही. २०२४ साली सापडलेली अशी एक मूळ संख्या द्विमानात १३,६२,७९,८४१ एकांची आहे. शेरा इथे अपुरा पडतो.

फळ्यावर मनोरा रचणाऱ्या शिक्षकाने म्हणून नऊ एकांवर थांबू नये. दहा एकांचा गुणाकार मुलांकडून करून घ्यावा, मग पाया बदलायला सांगावे. पायाबरोबर बदलते ते लिखाणाचे. तरीही टिकते ते संख्येचे. हा भेद न शिकवता दाखवलेली गंमत जादूगाराची ठरते, आणि कापरेकर मास्तरांचे नावही वर्गात तेवढ्यापुरतेच उरते.