अनंताचं पिवळेपण

फुलबाजारात अनंताला फारशी जागा नाही. हात लागला की पाकळी डागाळते आणि गजऱ्यात ओवावं इतकं हे फूल लहानही नाही. अंबाड्यात एकच माळावं, नाहीतर झाडावरच पाहावं.

पाहायला सुरुवात कळीपासून करावी. हिरवट, टोकदार कळीत पाकळ्या एकमेकींवर पिळून बसलेल्या असतात. उमलताना पीळ सुटतो, पण पुरता जात नाही. म्हणून एकेरी अनंत साधारण सहा पात्यांच्या भिरभिऱ्यासारखा दिसतो. बागांमधून जास्त मान दुहेरी जातीला. तिचा भरगच्चपणा पहिल्या नजरेत जिंकतो. पण त्या गर्दीत हा पीळ हरवतो. शिवाय दुहेरीला सहसा फळ धरत नाही. एकेरीला धारदार कंगोऱ्यांचं केशरी फळ येतं. केशराला रंग देणारं क्रोसिन त्यातही असतं. चीन-जपानात लोक त्यानं कापड आणि खाद्यपदार्थ रंगवत आले आहेत.

अनंत कॉफीच्या कुळातला. तशीच समोरासमोरची तकतकीत, गर्द पानं बारा महिने टिकतात. त्यांच्यावर फूल आधी शुभ्र, मग दुधाळ, दोन-तीन दिवसांत हळदी होतं. बहरात एकाच झुडपावर तिन्ही छटा नांदतात. संध्याकाळी गंध दाटतो तेव्हा पांढरं फूल अंधारातही सापडतं, हळदी मात्र पानांत मिसळून जातं. पिवळं पडलं म्हणजे शिळं झालं, असं समजून लोक ते खुडतात आणि बहराची तिसरी छटाच पुसून टाकतात.

हे सगळं हाती लागतं ते आडोशामुळे. थंड युरोपात अनंताला हिवाळ्यात काचेखाली घ्यावं लागतं. आपल्याकडे त्याला वैशाखातलं दुपारचं ऊन आणि तापलेला वारा सोसत नाही. घराच्या पूर्वेची भिंत उत्तम: सकाळचं कोवळं ऊन, दुपारनंतर सावली. पाणी नेमाचं हवं. माती आधी कोरडी ठक्क आणि मग एकदम चिंब झाली, की भरलेल्या कळ्याही न उमलता गळतात. माती आम्ल, सामू पाच ते सहाच्या आसपास. कोकणातल्या जांभ्यात तो म्हणूनच रमतो. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत मात्र शिरा हिरव्या राहून पानं पिवळी पडतात. ते पिवळेपण दुखण्याचं. मुळांना लोह मिळत नसल्याचं. तिथे मोठी कुंडी, पालापाचोळ्याचं खत, साठवलेलं पावसाचं पाणी आणि गरजेपुरतं चिलेटेड लोह द्यावं. छाटणी बहर सरल्यावर लगेच उरकावी. उशीर केला तर पुढच्या कळ्याच कापल्या जातात.

रोपवाटिकेत दुहेरीच पुढे केला जातो. तुम्ही एकेरी मागून घ्या, आणि त्याची पिवळी फुलं खुडू नका.