अनुपस्थित मारेकरी : दाविदच्या ‘मारा’चे एक वाचन

‘खून’, ‘हत्या’ आणि ‘वध’ हे मराठीतील शब्द समानार्थी नाहीत. खून कायद्याच्या कक्षेत येतो, हत्येला पातकाचा स्पर्श असतो, तर वध म्हणताच मारणाऱ्याच्या बाजूने निवाडा झालेला असतो. चित्रकलेत हा निवाडा रचनेतून होतो. म्हणून मारेकऱ्याला चौकटीत कोठे उभे केले आहे, हा निव्वळ मांडणीचा प्रश्न उरत नाही.

१३ जुलै १७९३ रोजी पॅरिसमध्ये शार्लोत कोर्देने ज्याँ-पोल मारा याला त्याच्या स्नानाच्या टबात भोसकले. चौथ्या दिवशी ती गिलोटिनवर गेली. ज्याक-लुई दाविदने त्याच वर्षी रंगवलेल्या चित्रात मात्र कोर्दे कोठेच नाही. तिच्या दोन खुणा तेवढ्या उरल्या आहेत : जमिनीवरचा रक्ताळलेला सुरा आणि माराच्या हातातील तिचे पत्र. आपण दुर्दैवी आहोत एवढ्यावरच आपण त्याच्या कृपेस पात्र ठरतो, असा त्या पत्राचा आशय. शेजारच्या लाकडी खोक्यावर पाच मुलांच्या एका विधवा आईसाठी ठेवलेली नोट दिसते. एक स्त्री माराच्या दयाबुद्धीचा फायदा घेते, दुसरीला तो मरतानाही साहाय्य करतो, असे हे कथन आहे. वास्तविक कोर्देला आत प्रवेश मिळाला तो काँ शहरातील कटाची माहिती देण्याच्या मिषाने. मारा विरोधकांची नावे उतरवून घेत होता. त्या यादीच्या जागी दाविदने करुणेची कागदपत्रे ठेवली.

चित्राचा वरचा जवळजवळ अर्धा भाग रिकामा आहे. या रिकामपणात समीक्षकांनी शोक पाहिला, धर्मचित्रांतील स्तब्धता पाहिली, आणि ते चुकीचे नाही. परंतु कोर्दे उभी असायची ती येथेच, हे ध्यानात आले की त्या अवकाशाचा अर्थ पालटतो. मारेकऱ्याला चेहरा दिला की हेतूही द्यावा लागतो. हेतू आला की माराच्या कृत्यांची चौकशीही आलीच. राजाच्या देहदंडाच्या बाजूने मत दिलेल्या, अटकेच्या हुकुमांवर सह्या करणाऱ्या दाविदला ही चौकशी परवडणारी नव्हती.

पोल बोद्रीने १८६० मध्ये कोर्देला चौकटीत परत आणले. ती खिडकीशी भिंतीला पाठ लावून उभी आहे, भिंतीवर फ्रान्सचा नकाशा आहे आणि मारा टबात वेडावाकडा लवंडला आहे. दाविदची ‘हत्या’ येथे ‘वध’ झाली. तरीही बोद्रीचे चित्र दुबळेच वाटते. नकाशा टांगून देशाची साक्ष काढावी लागावी, यातच त्याची अडचण उघडी पडते. दाविदचे असत्य अधिक मोठे, पण ते चित्राच्या अंगभूत आहे.

कोर्देला स्वतःला हा प्रश्न उमगलेला होता. मरणापूर्वी तिने चित्रकाराची मागणी केली, आणि खटल्याच्या वेळीच तिचे रेखाटन सुरू केलेल्या ज्याँ-जाक ओएरसमोर ती कोठडीत बसली.