गुणसूत्रे वाढली की तण माजते?

‘गुणसूत्रे जास्त, म्हणून वनस्पती आक्रमक’ हे वाक्य चटकन पाठ होते. त्यामागचा अभ्यास मात्र असे म्हणत नाही. महाराज पंडित, व्हाइट व पोकॉक यांनी २०१४ साली ६२ प्रजातींतील ८९० जातींची तुलना केली. आक्रमक जातींत गुणसूत्रे जास्त, पण पेशीतील डीएनएचे एकूण प्रमाण कमी आढळले. एरवी ही दोन्ही बरोबरच वाढतात. त्यांचे परिणाम वेगळे करून दाखवले, हे या अभ्यासाचे खरे यश. गुणसूत्रांच्या जादा संचांमुळे वैविध्याला वाव मिळतो. डीएनए कमी असला की पेशी सहसा लवकर विभागतात.

तरीही हा कल आहे, नियम नव्हे. १९५०च्या दशकात पुण्यात नोंदल्या गेलेल्या गाजरगवतात दोनच संच, ३४ गुणसूत्रे. तरी ते देशभर पसरले. उलट, ऑफिओग्लॉसम या नेच्याच्या एका जातीत बाराशेहून अधिक गुणसूत्रे आहेत, पण शेतकऱ्याला त्याचा उपद्रव नाही. बी कितीदा आले, जमीन पडीक होती का, हे गुणसूत्रे सांगत नाहीत. तेव्हा वर्गात फळ्यावर ‘म्हणून’ऐवजी ‘बहुधा’ लिहावे, आणि गाजरगवताचे काय, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा.