बांधलेल्या इंजिनाची संहिता

मारुती 800 चं टायमिंग कव्हर काढलं की समोर फार थोडं दिसतं. खाली क्रँकवरचं लहान दातेरी चाक, वर कॅमवरचं त्याच्या दुप्पट दातांचं मोठं चाक, बाजूला ताण देणारा रोलर आणि या सगळ्यांना वेढलेला एक काळा रबरी पट्टा. 796 सीसीच्या, तीन सिलिंडरच्या या इंजिनात कोणत्या क्षणी कोणता व्हॉल्व्ह उघडेल आणि कोणता मिटेल, हे एवढ्या वीतभर जागेत ठरतं. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटरही कॅमकडूनच फिरतो, म्हणजे ठिणगीची वेळही इथूनच निघते. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. बाकी सगळं या एका वाक्याचा विस्तार आहे.

नागपुरातल्या कामठी रोडवरच्या एका गॅरेजात असं एक इंजिन उघडताना मी पाहिलं. आधी एकदा बांधून झालेलं इंजिन होतं ते. बोअर, रिंग-पिस्टन, हेडचं काम, सगळं झालेलं. तरी पुढून तेल झिरपत होतं आणि आयडलिंगला इंजिन अडखळत होतं. टायमिंग बेल्ट आणि क्रँकचा गेअर उतरवायचा होता. (गॅरेजात त्या चाकाला गेअरच म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो.) काम लहान, पण कवितेकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहता येतं, असं मला त्या दिवसापासून मनापासून वाटतं. कारण इंजिनाचा हा दर्शनी भाग पुढे कधीतरी ते उघडणाऱ्या माणसाला उद्देशून लिहिलेला आहे.

लिपी अगदी मोजकी. या घराण्याच्या इंजिनांत क्रँकच्या गेअरवर पंचानं ठोकलेला एक ठिपका असतो आणि त्याच्यासमोर ऑइल पंपाच्या अंगावर ओतीव बाण. वर कॅमच्या चाकावर एक खूण, तिच्यासमोर मागच्या पत्र्यावर दुसरी. इतकंच. पण या दोन जोड्यांचं वजन सारखं नाही, आणि मजा तिथेच आहे. क्रँक प्रत्येक फेऱ्याला बाणापाशी येतो, म्हणून खालची जोडी एका पूर्ण चक्रात दोनदा जुळते. वरची एकदाच. खालची खूण नेमकेपणा देते, वरची अर्थ देते. पिस्टन वर आलाय हे खालून कळतं. तो मिश्रण दाबायला आलाय की धूर बाहेर ढकलायला, हे वरूनच कळतं.

ही लिपी आपल्याकडे तशी उशिरा आली. दाते असलेला रबरी पट्टा 1940 च्या दशकात अमेरिकेत शिवणयंत्रासाठी घडला. मोटारीच्या कॅमसाठी तो कारखान्यातून निघालेल्या गाडीत पहिल्यांदा बसला 1962 साली, बव्हेरियातल्या ग्लास 1004 या छोट्या मोटारीत. 1966 मध्ये फियाटनं तो 124 स्पोर्टमध्ये घेतला आणि मग तो सगळीकडे पसरला. भारतीय रस्त्यांवर तेव्हा अँबॅसडर आणि फियाट होत्या, दोघींच्या पोटात टायमिंगची लोखंडी साखळी. 14 डिसेंबर 1983 ला पहिली मारुती 800 ग्राहकाच्या हाती गेली. साखळीवर हात बसलेल्या मिस्त्रींना तेव्हा पहिल्यांदा रबराच्या भरवशावर इंजिन सोपवावं लागलं. साखळी झिजली की खडखडून सांगते. पट्टा काहीच सांगत नाही, एक दिवस तुटतो. म्हणून त्याच्याकडे ऐकून नाही, पाहूनच जावं लागतं.

कारखान्यातून आलेल्या इंजिनाची संहिता एकहाती असते. बांधलेल्या इंजिनावर मधल्या हातांनी आपापले शब्द घातलेले असतात. समोरच्या इंजिनावर कॅमच्या चाकाला मूळ खुणेशेजारी आणखी एक ठिपका होता, कुणीतरी नंतर ठोकलेला. पट्ट्यावर पांढऱ्या रंगाच्या दोन रेघा. कव्हरच्या कडेनं सीलंट इतका की तो आतही उतरलेला. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करायला घेतली, तेव्हा लेखकूंनी घुसवलेले पाठ निवडून काढणं हेच त्यांच्यापुढचं काम होतं. गॅरेजच्या उस्तादांनी, म्हणजे मुख्य मिस्त्रींनी, त्या दोन ठिपक्यांवर टॉर्च धरला तेव्हा मला तेच आठवलं. कारखान्याचा ठिपका काठाला गोल, एकसारख्या खोलीचा. नंतरचा तिरपा, एका बाजूला जास्त खोल, कारण तो चाक गाडीत बसलेलं असताना, जागा नसताना, हातोडी आडवी धरून मारलेला. मारणाऱ्याची अडचण ठिपक्याच्या आकारात उतरलेली होती.

हाताखालचा पोरगा पाना लावायला पुढे झाला, तर उस्ताद म्हणाले, "थांब बे. पहिले पाहून घे. गेअर कुठं पळून नाही चालला."

हा थांबा या कामातली यती आहे. प्लग काढून घेतले, म्हणजे आतला दाब अडवत नाही, आणि क्रँक हातानं, इंजिन ज्या दिशेनं चालतं त्याच दिशेनं फिरवला. उलटा फिरवला तर पट्ट्याची ताणलेली बाजू सैल पडते, सैल बाजू ताणते आणि खुणा भलतंच दाखवू लागतात. दोन फेऱ्यांनंतर खालचा ठिपका बाणाशी आला. वरची मूळ खूण मात्र किंचित मागे राहिली. केसभर. दुसरा, ठोकलेला ठिपका त्याहून कितीतरी दूर होता.

पांढऱ्या रेघा कुठेच जुळत नव्हत्या, आणि पोरगा त्यांनीच घाबरला. उस्तादांनी तिकडे पाहिलंही नाही. ते का, हे समजून घेतलं की या यंत्रणेची लय कळते. समजा क्रँकच्या गेअरला 20 दाते आहेत, कॅमच्या चाकाला 40 आणि पट्ट्याला 101. चाकांच्या खुणा क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना परत भेटतात. पण पट्ट्यावरची रेघ त्यांच्याबरोबर पुन्हा त्याच जागी यायला क्रँकचे 202 फेरे लागतात. दोन आवर्तनं एकाच इंजिनात चालू असतात, एक छोटं, एक फार लांब. रेघ ही पट्टा चढवतानाची क्षणभराची सोय. नंतर तिच्यावर विसंबणारा फसतो.

मग ती केसभर मागे राहिलेली खूण? मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटलेली जागा हीच. इंजिन बांधताना हेडची पातळी नीट करायला त्याचा थर घासून काढतात. हेड तितकं खाली बसतं, कॅम क्रँकच्या तितका जवळ येतो आणि ताणाच्या बाजूचा पट्टा तेवढ्यानं लांब ठरतो. कॅम मागे पडतो. पट्ट्याच्या दोन दातांमधलं अंतर साडेनऊ मिलिमीटर धरलं आणि हेड पाव मिलिमीटर घासलं, तर 40 दात्यांचं चाक सुमारे पाव अंश मागे जातं. एक दात चुकला असता तर कॅम 9 अंश हलला असता आणि क्रँकच्या हिशेबानं 18. म्हणजे समोर दिसणारी चूक एका दाताच्या अडतिसाव्या हिश्शाएवढी. ती चूक नव्हतीच. खराद मशीनवर झालेल्या जुन्या कामाची ती नोंद होती, आणि इंजिनानं ती प्रामाणिकपणे जपली होती. आधीच्या कुणाला तिचा अर्थ लागला नसावा, म्हणून त्यानं आपला वेगळा ठिपका ठोकला असेल, असा माझा अंदाज. पण टायमिंग मूळ खुणांवरच होतं. अडखळण्याचं कारण आणखी खाली होतं.

ताणाच्या रोलरचा बोल्ट ढिला करून पट्टा उतरवला. इथून पुढे वरचं चाक आणि खालचं चाक एकमेकांपासून सुटलेली. ज्या इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकाच जागेत येऊ शकतात, तिथे या घडीला कुतूहलानं दिलेला अर्धा फेराही व्हॉल्व्ह वाकवतो. पट्टा हातात घेऊन त्याची पाठ पाहिली. कडक, चकाकती. खालच्या काठाला मात्र मऊ आणि फुगलेली. कडकपणा उन्हाचा आणि वयाचा. नागपुरात 23 मे 2013 ला पारा 47.9 अंशांवर गेला होता. तसले उन्हाळे बॉनेटखाली आणखी तापून निघतात, म्हणून किलोमीटर भरले नसले तरी वर्षं मोजावी लागतात. फुगवटा मात्र तेलाचा. तेल क्रँकच्या गेअरमागून येत होतं.

गेअर. सगळं रसग्रहण इथे येऊन थांबतं. मधला बोल्ट फ्लायव्हील अडवून, लांब पाइप लावून सोडवायचा असतो. तो खूप घट्ट असायला हवा. हा मात्र पहिल्याच झटक्याला सुटला, आणि उस्तादांचा हात तिथेच थबकला. त्यांनी गेअर बोटांनी डावी-उजवीकडे हलवून पाहिला. हलला. अगदी थोडा, पण हलला.

पेचकस मागे घालून गेअर उचकटणं हा रोजचा मोह. पण मागे ऑइल पंपाचं ॲल्युमिनियमचं अंग असतं. पेचकसाच्या टोकानं ते दबतं आणि सीलची जागा कायमची बिघडते. तिथे आधीच दोन जुने दबलेले चंद्र होते, म्हणजे मागच्या खेपेला तो मोह आवरला गेला नव्हता. उस्तादांनी पुलर लावला, स्क्रू पाव-पाव फेऱ्यानं आवळला. गेअर आवाज न करता आला. त्याच्या पाठची चकती, पट्टा आत सरकू नये म्हणून असलेली, कोणत्या तोंडानं बसली होती ते त्यांनी आधी खडूनं लिहून ठेवलं.

आणि मग चावी. क्रँकच्या शेंड्यावर अर्धचंद्राची खाच, तिच्यात बसणारा पोलादाचा अर्धचंद्र. वुड्रफ नावाच्या कनेटिकटमधल्या माणसाची ही कल्पना, त्यासाठी त्याला 1888 मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटचं जॉन स्कॉट पदक मिळालं. पुष्कळांना वाटतं की ही चावी क्रँकची ताकद गेअरपर्यंत नेते. ते बोल्टच्या आवळण्याचं काम. बोल्ट गेअरला खांद्यावर दाबून धरतो आणि घर्षण भार वाहतं. चावीनं फक्त जागा सांगायची असते. बोल्ट ढिला राहिला की ओझं चावीवर येतं आणि प्रत्येक स्फोटागणिक ती खाचेच्या भिंतीवर आदळते. सुरुवातीच्या 1.6 लिटरच्या माझदा एमएक्स-5 मध्ये क्रँकचा शेंडा आखूड होता, आणि तिथली खाच अशीच उधळण्यासाठी जगभरचे मेकॅनिक ती गाडी ओळखतात.

इथली चावी काढून हाताच्या तळव्यावर ठेवली. तिच्या एका अंगाला पायरी पडलेली, दुसरं अंग जवळजवळ नवं. खाचेचा काठही त्याच बाजूला गोलावलेला. म्हणजे गेअर क्रँकवर मागे-पुढे डोलत होता. उस्तादांच्या मते आयडलिंगला टायमिंग हलायचं ते यानंच, कारण त्या वेळी इंजिनाचे झटके विरळ आणि जड असतात. वेगात ते एकमेकांत मिसळतात, म्हणून हायवेवर गाडी बरी चालायची. ठिपके खोटं बोलत नव्हते. ज्या चाकावर ते कोरलेले होते, त्यालाच ठाम उभं राहायला जागा नव्हती.

खाच थोडी खाल्लेली होती, पार गेलेली नव्हती. खरादवाल्याकडे क्रँक न्यायचा तर इंजिन पुन्हा पूर्ण उघडावं लागलं असतं. उस्तादांनी नवी चावी खाचेत दाबून पाहिली, नखानं ढकलली, ती हलली नाही. मग क्रँकच्या शेंड्यावर कापड फिरवलं. सीलचा ओठ जिथे घासत होता तिथे पोलादावर एक बारीक वलय पडलेलं होतं. नवं सील त्याच जागी बसवलं असतं तर तेल त्याच वलयातून आलं असतं. आत थोडी जागा होती. "दोन मिलिमीटर आत बसव," ते पोऱ्याला म्हणाले, "नव्या जागेवर ओठ येऊ दे. आणि बोल्ट नवा आण, हा नाही चालत."